अंतराळात फिरायला जायचंय? आधी नेरळ, कर्जत आणि जळगावचा हिशोब समजून घ्या

दर थंडीत आम्ही पाच-सहा जण वांगणीच्या बाजूला आकाशदर्शनाला रात्रभर बसतो, नवी पोरं येतात, कोणाचे आईबाबा येतात, आणि रात्री दोन-अडीचला चहाचं पातेलं आलं की कोणीतरी हमखास विचारतंच, "काका, ते अंतराळात फिरवून आणतात ना, त्याचं तिकीट कितीला असतं हो?" आधी मी हसून सोडून द्यायचो, पण आता पोरं कंपन्यांची नावं घेऊन विचारतात, बुकिंगचे स्क्रीनशॉट दाखवतात, तर म्हटलं एकदाचं लिहूनच काढू. मी काही इस्रोतला माणूस नाही, हे आधीच सांगतो. २००१ मध्ये डेनिस टिटो नावाचा अमेरिकन श्रीमंत माणूस स्वतःच्या खिशातून पैसे देऊन स्पेस स्टेशनवर गेला तेव्हापासून कात्रणं कापून ठेवायचा नाद आहे, एवढंच.

पायरी १: गाडी कुठपर्यंत जाते ते विचारा

जाहिरात कुठलीही असो, त्यात "स्पेस" हा शब्द असतोच. त्यामुळे पहिला प्रश्न एकच, किती किलोमीटर वर? आता आपल्या लोकलवाल्यांना हे समजायला सोपं आहे. सीएसएमटीला उभे राहा आणि सेंट्रलचे रूळ सरळ आकाशात गेलेत असं समजा.

ठाणं येतं साधारण ३३-३४ किलोमीटरवर. मोठ्या फुग्याखाली काचेची केबिन टांगून "अंतराळाच्या उंबरठ्यावर" न्यायची स्वप्नं ज्या कंपन्या विकतात त्यांचे फुगे तीसेक किलोमीटरपर्यंतचे, म्हणजे गाडी ठाण्याच्या आतच थांबते. तिथून आकाश काळं दिसतं, पृथ्वीची गोलाई दिसते, दृश्य भारीच असणार, पण ते अंतराळ नाही आणि तिथे तुम्ही तरंगतही नाही. नेरळ येतं साधारण ८६ वर, व्हर्जिन गॅलॅक्टिक कंपनीचं यान जायचं ते एवढंच. कर्जत बरोबर शंभरच्या आसपास, आणि १०० किलोमीटर म्हणजेच कारमान रेषा, जगात बहुतेक जण जिथून अंतराळ सुरू झालं असं धरतात ती. ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड यान ती जेमतेम ओलांडून पळसदरीच्या आसपास जाऊन माघारी यायचं (२०२६ च्या सुरुवातीला कंपनीने ती उड्डाणं थांबवली). आणि स्पेस स्टेशन? ते ४०० च्या वर, म्हणजे पार जळगाव.

अमेरिकेत मात्र ८० किलोमीटरला अंतराळ सुरू झालं असं मानतात, म्हणून नेरळवाल्यांनाही तिकडे अंतराळवीर म्हणतात. ह्यावरून लोक तावातावाने भांडतात. आपण त्यात पडू नये, चहा गार होतो.

पायरी २: पण खरा प्रश्न उंचीचा नाहीच

ही पायरी नीट समजली तर बाकीचं सगळं आपोआप कळतं, म्हणून इथे जरा थांबतो.

नुसतं वर जाणं तसं स्वस्त आहे. चेंडू वर फेकला, वर गेला, क्षणभर थांबला, खाली आला. न्यू शेपर्ड आणि व्हर्जिनचं यान हेच करायची, फक्त चेंडू मोठा आणि आत सहा माणसं. ह्याला सबऑर्बिटल म्हणतात. न्यू शेपर्डची अख्खी ट्रिप दहा-अकरा मिनिटांत संपायची आणि त्यातली तरंगायची मिनिटं तीन-चार. लोक विचारतात मग तेवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण संपतं का? नाही हो. ते स्पेस स्टेशनपाशीसुद्धा जवळजवळ नव्वद टक्के शिल्लक असतं. जत्रेतला आकाशपाळणा वरून खाली यायला लागला की पोटात गोळा येतो ना, तेच हे, फक्त चार मिनिटं सलग. तुम्ही आणि तुमचं यान दोघंही एकाच वेळी पडताय, म्हणून तरंगल्यासारखं वाटतं.

स्पेस स्टेशनवर राहायचं तर असं पडता पडता जमिनीला लागायचंच नाही, म्हणजे इतक्या जोरात आडवं जायचं की तुम्ही खाली येईपर्यंत पृथ्वीच खालून वळत जाईल. ह्याला ऑर्बिटल म्हणतात. तो जोर म्हणजे तासाला साधारण २८,००० किलोमीटर. न्यू शेपर्डचा टॉप स्पीड आहे साडेतीन हजारच्या आसपास. म्हणजे आठपट वेग. आणि शाळेतलं आठवत असेल तर ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे आठ गुणिले आठ, चौसष्ट. तेवढी ऊर्जा जाताना इंधनातून द्यायची आणि येताना सगळी हवेशी घासून जाळून टाकायची, म्हणून खाली उष्णतेची ढाल, म्हणून मोठं रॉकेट, म्हणून महिनोन्महिने ट्रेनिंग.

कर्जत ते जळगाव हा फरक कागदावर चारपट दिसतो आणि खर्चात शंभरपट का होतो, ते इथे आहे.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. १९ मे २०२४ ला गोपी थोटाकुरा हा विजयवाड्याचा पायलट न्यू शेपर्डमधून कारमान रेषा ओलांडून आला. २५ जून २०२५ ला शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सिऑम-४ ह्या खासगी मोहिमेतून स्पेस स्टेशनवर गेले. तेव्हा आपल्याकडे सगळीकडे छापून आलं की राकेश शर्मांनंतर, १९८४ नंतर, ४१ वर्षांनी दुसरा भारतीय. थोटाकुरा कुठे गेला मग? गेला नव्हता असं नाही, पण तो दहा मिनिटं गेला आणि शुक्ला वीस दिवस. लोकांनी मनातल्या मनात सबऑर्बिटल आणि ऑर्बिटल असा फरक करूनच टाकला होता, फक्त शब्द माहीत नव्हते.

पायरी ३: पैसे

फुग्याच्या सीटचा भाव एका कंपनीने सव्वा लाख डॉलर लावला होता. व्हर्जिनने सुरुवातीला दोन लाख डॉलरला तिकिटं विकली, मग अडीच लाख, मग साडेचार, आणि पुढे सहा लाख. म्हणजे आपले पाच कोटींच्या वर. ब्लू ओरिजिन भाव जाहीर करायची नाही, २०२१ च्या माणसांना घेऊन गेलेल्या पहिल्या फ्लाइटमधली एक सीट लिलावात २ कोटी ८० लाख डॉलरला गेली होती पण तो लिलाव होता, तो भाव धरू नका. स्पेस स्टेशनची गोष्ट वेगळीच. टिटोने २००१ मध्ये साधारण २ कोटी डॉलर दिले असं म्हणतात, २०२२ ला अ‍ॅक्सिऑम-१ च्या प्रवाशांनी प्रत्येकी साडेपाच कोटी डॉलर.

लक्षात आलं का? भाव उतरत नाहीयेत, चढतायत. सगळ्यांना वाटतं मोबाईलसारखं होईल, आधी श्रीमंतांकडे मग सगळ्यांकडे. मलाही २००४ मध्ये तसंच वाटलं होतं. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला स्पेसशिपवन ह्या खासगी यानाने दोन आठवड्यांच्या आत दोनदा कारमान रेषा ओलांडून एक कोटी डॉलरचं अन्सारी एक्स प्राइझ जिंकलं, तेव्हा मी घरी पेढे आणले होते (बायको विचारत होती कोणाला मुलगा झाला). म्हटलं दहा वर्षांत विमानासारखं होणार. तसं का नाही झालं? टिटोच्या वेळी रशियाला पैशाची नड होती आणि त्यांच्या सोयूझ यानात सीट रिकामी जात होती, म्हणून ती तेवढ्यात मिळाली. आता स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन ९ रॉकेटचा खालचा भाग परत येऊन उभा उतरतो, पुन्हा वापरतात, पण वरचा भाग दर वेळी नवा लागतो, आणि वर चौघांनाच जागा. विमान स्वस्त झालं ते दोनशे सीट आणि दिवसाला चार फेऱ्या ह्या हिशोबाने. इथे चार सीट आणि वर्षाला मोजक्याच फेऱ्या. हा हिशोब जो कोणी फोडेल, मोठं रॉकेट, अख्खं परत येणारं, पुन्हा पुन्हा उडणारं, तो भाव पाडेल. स्पेसएक्सच्याच स्टारशिप रॉकेटकडे सगळे डोळे लावून बसलेत ते ह्यासाठी. माझ्या मते पुढच्या दहा वर्षांत ऑर्बिटल तिकीट मध्यमवर्गाच्या हाताला लागत नाही, ज्याला पटत नाही त्याने पैज लावावी.

आता एक गंमत जी कुठल्याच जाहिरातीत नसते. समजा तुमच्याकडे पाच कोटी आहेत, जमीन विकली म्हणा. तरी तुम्ही ते सरळ पाठवू शकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस स्कीममध्ये एका माणसाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरच बाहेर पाठवता येतात. सहा लाखांचं तिकीट म्हणजे तीन आर्थिक वर्षं. वर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते तो कर, वेगळा. म्हणजे अंतराळवीर व्हायच्या आधी सीए गाठावा लागतो.

पायरी ४: तब्येत

इथे मात्र लोकांना वाटतं तेवढं कठीण नाही. ब्लू ओरिजिनच्या न्यू शेपर्डसाठी ज्या अटी होत्या त्या बघा: वय १८ पूर्ण, उंची पाच फूट ते सहा फूट चार इंच, वजन साधारण ५० ते १०१ किलो, लाँच टॉवरचे सात मजले दीड मिनिटाच्या आत चढता आले पाहिजेत, आणि पट्टा पंधरा सेकंदांत लावता-काढता आला पाहिजे. दादरचा पूल रोज ऑफिसच्या वेळेला चढणारा माणूस ह्यात पास होईल. स्टार ट्रेक मालिकेतला नट विल्यम शॅटनर ९० व्या वर्षी जाऊन आला, एड ड्वाइटही नव्वदीतच गेला, आणि तो थोटाकुराच्याच फ्लाइटमध्ये.

त्रास होतो तो उतरताना. काही सेकंद शरीरावर साडेपाचपट भार येतो, म्हणजे सत्तर किलोचा माणूस काही क्षण पावणेचारशे किलोच्या वर. हृदयाचं, मानेचं, पाठीचं काही असेल तर डॉक्टरला खरं सांगा. ऑर्बिटल ट्रिपमध्ये पहिले दोन दिवस निम्म्याहून जास्त लोकांना मळमळतं, उलट्या होतात, चांगल्या पायलटांनासुद्धा. आणि टॉयलेट हा विषय कोणी काढत नाही म्हणून मी काढतो: २०२१ च्या इन्स्पिरेशन-४ मध्ये चार सामान्य माणसं तीन दिवस पृथ्वीभोवती फिरली, त्यात टॉयलेटची नळी फरशीखाली सुटली होती आणि अलार्म वाजला. तीन दिवस, चार माणसं, एक डबा. घाटातल्या एसटीत उलटीची पिशवी शोधणाऱ्यांनी विचार करून ठेवावा.

पायरी ५: सही करायच्या आधी

अमेरिकेत विमानात बसलात तर विमान सुरक्षित आहे की नाही हे सरकार बघतं. अंतराळयानात बसलात तर नाही. २००४ च्या कायद्याने तिथल्या एफएए ला, म्हणजे विमानवाहतूक बघणाऱ्या सरकारी खात्याला, आतल्या प्रवाशांच्या सुरक्षेचे नियम करायला बंदी घातली, कारण काय तर धंदा नवा आहे, शिकू दे. ती बंदी वाढत वाढत आता १ जानेवारी २०२८ पर्यंत आलीय. खाली जमिनीवरच्या लोकांना धोका नको हे सरकार बघतं, तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून कागदावर स्पष्ट लिहून घेतात की हे यान सरकारने प्रवासी नेण्यासाठी सुरक्षित म्हणून प्रमाणित केलेलं नाही हे मला सांगितलंय आणि मला मान्य आहे.

हे नुसतं कागदी घोडं नाही. ३१ ऑक्टोबर २०१४ ला व्हर्जिनचं एंटरप्राइझ नावाचं यान चाचणीत तुटलं, शेपटीची कुलपं को-पायलटकडून वेळेआधी उघडली गेली आणि तो को-पायलट, मायकल अल्सबरी, गेला. चौकशीत एकट्या माणसाला दोष देऊन सोडलं नाही, एका माणसाच्या एका चुकीने यान तुटू शकेल अशी रचनाच का केली हे विचारलं गेलं. दुसऱ्या बाजूला सप्टेंबर २०२२ मध्ये न्यू शेपर्डचं रॉकेट बिघडलं तेव्हा वरची कुपी स्वतःहून झटक्यात बाजूला झाली आणि पॅराशूटने नीट खाली आली, आत माणसं नव्हती. कंपनी निवडताना चकचकीत केबिन बघू नका, बिघडल्यावर काय होतं ते बघा.

पायरी ६: फसू नका, आणि थांबायची तयारी ठेवा

आमच्या भावजींनी लग्नाच्या वाढदिवसाला ताईला चंद्रावरची एक एकर जमीन घेतली. सर्टिफिकेट आहे, फ्रेम केलंय, हॉलमध्ये लावलंय. मी गप्प बसलो, पण तुम्हाला सांगतो, १९६७ च्या आउटर स्पेस ट्रीटीप्रमाणे कुठल्याही देशाला चंद्रावर मालकी सांगता येत नाही, भारतानेही ती मान्य केलीय, आणि ज्या जागेवर कुठल्याच देशाचा हक्क नाही तिचा सातबारा कोण देणार? कागद छान आहे, फ्रेमही सागवानी आहे.

ते झालं गमतीचं. खऱ्या कंपन्यांतसुद्धा पैसे बुडतात. एक्सकॉर नावाची अमेरिकन कंपनी लिंक्स नावाच्या यानाची तिकिटं लाख डॉलरच्या आसपास विकत होती, २०१७ ला दिवाळं निघालं, यान कधी उडलंच नाही आणि तिकीटवाले बसले हात चोळत. म्हणून डिपॉझिट परत मिळतं का, कधीपर्यंत, पैसे वेगळ्या खात्यात ठेवतात का, हे लेखी घ्या. यान माणसांना घेऊन आजवर किती वेळा उडालंय हेही विचारा, शून्य असेल तर तुम्ही तिकीट नाही काढत, वर्गणी देताय.

आणि उशीर. जॉन गुडविन ह्या गृहस्थांनी व्हर्जिनचं तिकीट २००५ ला काढलं, ते गेले १० ऑगस्ट २०२३ ला, वयाच्या ऐंशीत, मधल्या काळात पार्किन्सन्स झाला तरी गेले. जून २०२४ नंतर व्हर्जिनने ते यान थांबवलं, नवं येईपर्यंत सगळं बंद. म्हणून बुकिंग आज चालू आहे की बंद ते मी इथे लिहीत नाही, कंपनीच्या साईटवरच बघा. जपानी अब्जाधीश मायझावाने डिअरमून नावाने आठ जणांना चंद्राभोवती फिरवून आणायचं ठरवलं होतं, राखीव यादीसकट जी मंडळी निवडली त्यात आपला बालवीर मालिकेतला देव जोशीही होता. जून २०२४ ला सगळंच रद्द. शुक्लांचं उड्डाणसुद्धा २९ मे चं ८ जून, मग १०, ११, १९, २२ करत २५ जूनला झालं. लग्नाचा हॉल बुक केल्यासारखी अंतराळाची तारीख धरायची नाही.

पायरी ७: पाच कोटी नाहीत, मग आज काय करायचं

नुसतं तरंगायचं असेल तर पॅराबोलिक फ्लाइट. विमान डोंगरासारखं वर-खाली जातं, प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंद तुम्ही खरोखर तरंगता, अमेरिकेत एका फ्लाइटमध्ये असं पंधरा वेळा करतात, खर्च दहा हजार डॉलरच्या आसपास आणि विमानप्रवास वेगळा. म्हणजे एलआरएसमध्ये आरामात बसतं. स्टीफन हॉकिंग २००७ मध्ये जाऊन आले होते. अमेरिकेत-युरोपात राहणाऱ्या आपल्या मंडळींनी हे मनावर घ्यायला हरकत नाही, चाळिशीच्या पार्टीपेक्षा बरं.

ह्या क्षेत्रासाठी काहीतरी करावंसं वाटत असेल तर तेही आहे, आणि ते नुसतं लाइक करणं नाही. अमेरिकेत १९७५ मध्ये एल-५ सोसायटी म्हणून हौशी लोकांचा एक गट निघाला, त्यांनी मून ट्रीटीविरुद्ध (चंद्रावरची साधनसंपत्ती सगळ्या मानवजातीची असं म्हणणारा करार) एवढा जोर लावला की अमेरिकेने ती स्वीकारलीच नाही. त्यांचं बरोबर होतं की चूक ह्यावर वाद घालता येईल, मला स्वतःला ते अर्धंच पटतं, पण चार हौशी माणसं काय करू शकतात ते दिसतं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८० ला सुरू केलेल्या प्लॅनेटरी सोसायटीने तर लोकांच्या वर्गणीतून सौरशिडाचं, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या रेट्यावर चालणारं, यान २०१९ मध्ये उडवून दाखवलं. आपल्याकडे २०१७ ला अंतराळ कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला होता, कोणीही लिहून पाठवू शकत होतं. २०२३ चं भारतीय अंतराळ धोरण वाचा, फार मोठं नाही, दोन चहात होतं. असा मसुदा पुन्हा आला की मराठीतून का होईना पण लिहा, विशेषतः प्रवाशांच्या सुरक्षेबद्दल, कारण उद्या इथून कोणी तिकीट विकायला लागलं तर पायरी ५ चा प्रश्न आपल्याही दारात येणार. सुरुवात करायला पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे १९४४ पासूनची, मुंबईत खगोल मंडळ आहे.

आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात भारी: श्रीहरिकोटाला जाऊन लाँच बघा. इस्रोने तिथे लोकांसाठी लाँच व्ह्यू गॅलरी बांधलीय, ऑनलाइन नोंदणी करायची, पैसे नाहीत, पण खिडकी उघडली की तत्काळ तिकिटासारखी पटापट भरते, तेव्हा लॉगिन करून तयार बसा. चेन्नईहून सुळ्ळूरपेटाला लोकल जाते, दोन-अडीच तास, तिथून पुलिकत सरोवराच्या मधून रस्ता, दोन्ही बाजूला पाणी, पक्षी. नोंदणी केली तेच ओळखपत्र ओरिजिनल घ्या. टोपी घ्या, पाणी घ्या, ऊन मरणाचं असतं.

माझ्या पहिल्या वेळी मी मोबाईल धरून बसलो. काउंटडाउन संपलं, झाडांच्या वर केशरी उजेड आला आणि पहिले काही सेकंद आवाजच नाही, कारण पॅड काही किलोमीटर लांब, आवाजाला किलोमीटरला तीन सेकंद लागतात. सगळे गप्प. मग तो आला, कानातून नाही हो, छातीतून, बाकडं थरथरलं, बाजूच्या तमिळ आजी हात जोडून उभ्या राहिल्या. आणि मी तेव्हा स्क्रीनवर झूम करत होतो. व्हिडिओत एक पांढरा ठिपका आहे आणि माझाच आवाज, "अरे कुठे गेलं, कुठे गेलं". परतीची चेन्नई लोकल फुल्ल असते, लाँच झाल्या झाल्या निघा, नाहीतर दरवाज्यात उभं राहून यावं लागतं.